मांस वाटण्याआधी निकाल हवा

कॅनडाच्या क्विबेक प्रांताचा अगदी उत्तरेकडचा भाग म्हणजे नुनाविक. चौदा गावे, सगळी मिळून सुमारे १४ हजार माणसे, त्यांतली बहुतेक इनुइट, म्हणजे तिथले मूलनिवासी. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही, विमानाने जायचे. तिथे वॉलरस या लांब सुळ्यांच्या सागरी प्राण्याची शिकार झाली की प्रत्येक जनावराची जीभ कापून वेगळ्या पिशवीत भरतात. पिशवीवर जनावराची खूण असते आणि तीच खूण त्याच्या मांसावरही. जीभ विमानाने कूजुआकच्या संशोधन केंद्रात जाते, मांस गावातच थांबते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचला की साधारण दिवसाभरात निरोप येतो. मांस वाटायला हरकत नाही, किंवा अमुक जनावराचे मांस नष्ट करा.

केंद्र मकिविक या इनुइटांच्या स्वतःच्या संस्थेचे आहे आणि ही तपासणी १९९० च्या दशकापासून चालू आहे. तिच्यासाठी बर्फ फोडणारे जहाज लागत नाही की उपग्रह लागत नाही. ध्रुवीय प्रदेशातल्या संशोधनावर सरकारे जो पैसा खर्च करतात, त्यातला पहिला वाटा अशा कामाला मिळायला हवा, असे माझे ठाम मत आहे. आज तो वाटा शेवटचा असतो, वर्षावर्षाने मंजूर होणारा असतो आणि काटकसर करायची वेळ आली की सर्वांत आधी त्यालाच कात्री लागते.

या तपासणीचे शास्त्र आधी नीट पाहू. ट्रायकिनेला या कृमीच्या अळ्या जनावराच्या स्नायूंत वेटोळे करून बसतात. मांस कच्चे खाल्ले की त्या माणसाच्या आतड्यात मोकळ्या होतात. मग जुलाब, ताप, डोळ्यांभोवती सूज आणि पुढे स्नायूंत असह्य दुखणे. १९८० च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेत याचे उद्रेक झाले होते. डुकराच्या मांसासाठीचा नेहमीचा उपाय आहे उणे १५ अंशांवर तीन आठवडे गोठवणे. ध्रुवीय प्रदेशातली ट्रायकिनेला नेटिव्हा ही जात मात्र थंडीला दाद देत नाही. घरच्या डीप फ्रीझरच्या उणे १८ अंशांवर ती काही प्राण्यांच्या मांसात वर्षानुवर्षे जिवंत राहते. वॉलरसचे मांस खडीखाली पुरून महिनोन्‌महिने आंबवतात, त्याला इगुनाक म्हणतात. त्या आंबण्यानेही अळी मरत नाही. मांस आतपर्यंत ७१ अंशांना शिजवले तर मरते. पण आंबवलेला वॉलरस शिजवून खा असे सांगणे म्हणजे तो खाऊच नका असे सांगणे, आणि तसा हुकूम दक्षिणेतून सोडून कोणीही ऐकणार नव्हते. म्हणून मांस तसेच ठेवून तपासणी उभी केली.

जीभच का, तर सतत काम करणाऱ्या स्नायूंत अळ्या जास्त साचतात. पद्धत कृत्रिम पचनाची. डुकराच्या मांसासाठीच्या युरोपीय प्रमाणित कृतीत १०० ग्रॅम स्नायू, ४६ ते ४८ अंश गरम दोन लिटर पाणी, २५ टक्के तीव्रतेचे १६ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १० ग्रॅम पेप्सिन घेतात. अर्धा तास ढवळायचे, चाळणीतून गाळायचे, उंच निमुळत्या पात्रात अर्धा तास निवळू द्यायचे आणि तळचा गाळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. आम्ल पाण्यात मिसळल्याशिवाय पेप्सिन टाकले तर ते खराब होते. पाणी फार तापले तरी पेप्सिन निकामी होते आणि मांस पचतच नाही. जिभेची चरबी आणि वरची जाड कातडी काढली नाही तर वजन भरते, पण त्यात स्नायू कमी असतो. सर्वांत वाईट चूक प्रयोगशाळेबाहेर घडते. धुक्यामुळे विमान आले नाही आणि नमुना पिशवीतच सडला, तर अळ्या विरघळतात आणि खोटा ‘निर्धोक’ निकाल येऊ शकतो. म्हणून नमुना थंड कोणी ठेवायचा, विमानतळावर कोणी पोहोचवायचा, मांस राखून कोणी ठेवायचे, ही कामे गावातल्या ठरावीक माणसाकडे असावी लागतात. त्या माणसाचा पगार हा या संशोधनाचा खरा खर्च. अनुदानाच्या अर्जात तो ‘स्थानिक सहकार्य’ या नावाखाली एका ओळीत येतो आणि बहुधा अपुरा असतो.

याच्या उलटे संशोधन कसे असते हे उत्तरेतल्या लोकांनी फार जवळून पाहिले आहे. १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकी हवाई दलाच्या ध्रुवीय वैद्यकीय प्रयोगशाळेने अलास्कातल्या १०२ मूलनिवासींना किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिले. थंडी सहन करण्यात थायरॉइडचा वाटा किती, हे त्यांना पाहायचे होते. आपल्याला काय दिले जात आहे हे त्या लोकांना समजेल अशा रीतीने सांगितलेच नव्हते. प्रश्न सैन्याचा, शरीर गावकऱ्यांचे आणि उत्तराचा गावाला काडीचाही उपयोग नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला बॅफिन बेटालगतच्या ब्रॉटन आयलंडवर, म्हणजे आजच्या किकिक्तार्जुआकमध्ये, लोकांच्या आहारात आणि रक्तात पीसीबी ही औद्योगिक रसायने सापडली. गावाला नीट समजावून सांगण्याआधीच बातमी दक्षिणेतल्या वर्तमानपत्रात आली. आजूबाजूचे लोक गावकऱ्यांना ‘पीसीबीवाले’ म्हणू लागले. मोजमापात काही चुकले नव्हते. चूक होती ती निकाल आधी कोणाला सांगायचा याची, आणि तिची किंमत ज्यांनी आपले रक्त दिले त्यांनी मोजली.

त्याच सुमारास नुनाविकमध्ये एरिक देवाई या क्विबेकच्या वैद्यकीय संशोधकाने मातांच्या दुधाचे नमुने तपासले. ध्रुवीय प्रदेशातले दूध स्वच्छ असेल, दक्षिणेतल्या दुधाशी तुलना करायला बरे पडेल, असा अंदाज होता. निघाले भलतेच. इनुइट मातांच्या दुधात पीसीबी दक्षिण क्विबेकच्या मातांच्या सुमारे पाचपट होते. कारण आज शाळेच्या पुस्तकात यावे इतके स्पष्ट आहे. ही रसायने उष्ण हवेत वाफ होऊन वर जातात, थंड प्रदेशात उतरतात, चरबीत साठतात आणि प्लवकापासून माशात, माशापासून सीलमध्ये, सीलमधून माणसात अशी पायरीपायरीने वाढत जातात. १९९१ मध्ये कॅनडाने उत्तरेतल्या दूषितांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. पुढे इनुइट प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत हा विषय लावून धरला, आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत ध्रुवीय परिसंस्था, तिथले मूलनिवासी आणि त्यांच्या पारंपरिक अन्नाचे दूषण यांचा उल्लेख आला. काही गावांतल्या मातांचे दूध जगाच्या रसायन कायद्यापर्यंत पोहोचले. ‘नमुने थोडे, म्हणून महत्त्व थोडे’ हा आक्षेप इथेच निकालात निघायला हवा होता.

उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांचेही तसेच. सुमारे ५० हजार वस्तीच्या या बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या १,०२२ बाळांच्या नाळेच्या रक्तातला पारा पाल वाईहे आणि फिलिप ग्रांजाँ यांनी मोजून ठेवला. तिथे पायलट व्हेलचे मांस खातात, पारा त्यातूनच येतो. मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांची भाषा, स्मृती आणि लक्ष यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा नाळेत ज्यांच्या पारा जास्त होता ती मुले मागे पडत असल्याचे दिसले. अमेरिकेने मिथिल पाऱ्याची, म्हणजे अशा मांसात असणाऱ्या पाऱ्याची, रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मायक्रोग्रॅम अशी ठरवली, तिचा मुख्य आधार हीच मुले. २००८ मध्ये बेटांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पायलट व्हेल माणसांनी खाऊ नये अशी शिफारस केली. ती शिफारस तिथल्याच माणसांनी, पिढीजात अन्नाबद्दल, आपल्याच शेजाऱ्यांना केली होती. बाहेरच्या कोणाला ती करण्याचा तेवढा अधिकार नव्हता.

पण फेरोचा सल्ला उचलून नुनाविकमध्ये लावता येत नाही, आणि लहान प्रमाणावरच्या संशोधनाची गरज इथे सर्वांत जास्त दिसते. नुनाविकमध्ये पाऱ्याचा मोठा वाटा बेलुगा व्हेलच्या मांसातून, विशेषतः सुकवलेल्या मांसातून येतो. वाळवताना पाणी जाते आणि पारा तेवढ्याच वजनात दाट होतो. त्याच बेलुगाची कातडी आणि लगतची चरबी, म्हणजे मत्ताक, यात पारा कमी आणि सेलेनोनीन हे सेलेनियमचे संयुग भरपूर. ते पाऱ्यापासून काही संरक्षण देत असावे असे संशोधक मानतात. आर्क्टिक चार या माशात पारा अगदी कमी आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले उत्तम. म्हणून ‘व्हेल खाऊ नका’ हा सल्ला तिथे चुकीचा ठरतो. ‘गरोदर असाल तर बेलुगाचे मांस कमी करा, मत्ताक चालेल, आर्क्टिक चार मासा जास्त खा’ हा सल्ला योग्य. एवढा बारीक फरक दाखवायला त्याच गावातल्या त्याच जनावराचा प्रत्येक अवयव वेगळा मोजावा लागतो. केसांची बटही उपयोगी पडते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासून सेंटिमीटरभराचे तुकडे केले की कोणत्या महिन्यात पारा चढला ते दिसते आणि शिकारीच्या हंगामाशी ताडून पाहता येते. बट कापताना मुळाकडची बाजू दोऱ्याने बांधून खूण केली नाही, तर सगळा कालक्रम उलटतो.

राष्ट्रीय पातळीवरच्या सरासरीतून हे कधीच कळले नसते. आणि सरसकट बंदीचा परिणाम काय होतो, तर माणसे दुकानाकडे वळतात. तिथे विमानाने किंवा वर्षातून एकदोनदा येणाऱ्या जहाजाने माल येतो, ताजे अन्न महाग असते आणि परवडते ते साखरेचे पेय व पाकिटातले खाद्य. पारा टाळायला मधुमेह घ्यायचा, हा सौदा आरोग्य खात्याने लोकांना करायला लावू नये.

प्राण्यांच्या बाबतीतही गावाचे डोळे यंत्रणेच्या आधी पाहतात. कॅनडाच्या उत्तरेतल्या व्हिक्टोरिया बेटावर मस्क ऑक्स, म्हणजे लांब केसांची ध्रुवीय रवंथ करणारी जनावरे, कमी होत आहेत, हे तिथल्या केंब्रिज बे गावाच्या शिकाऱ्यांना विमानातून केलेल्या गणनेच्या आधी जाणवले होते. २०१० नंतरच्या काही उन्हाळ्यांत बँक्स आणि व्हिक्टोरिया बेटांवर मस्क ऑक्स अचानक मरून पडले. त्यांच्यात एरिसिपेलोथ्रिक्स हा जिवाणू सापडला. हा जिवाणू सुरीने कापलेल्या बोटातून माणसालाही लागतो, म्हणून सोलताना हातमोजे घाला हा निरोप प्रबंधाआधी गावात जायला हवा. मस्क ऑक्सच्या फुप्फुसात गाठी करणारा एक कृमी १९८८ मध्ये मुख्य भूमीवरच्या कुग्लुक्टुक गावाजवळ प्रथम सापडला. त्याची अळी गोगलगायीसारख्या शंखहीन प्राण्यात वाढते. पूर्वी तिला वाढायला दोन उन्हाळे लागत, हवामान तापल्यावर ते काम एका उन्हाळ्यात होऊ लागले. २००८ पर्यंत तो समुद्र ओलांडून व्हिक्टोरिया बेटावर पोहोचला होता.

कॅरिबू, म्हणजे तिथले रानटी रेनडिअर, आणि मस्क ऑक्ससाठी शिकाऱ्यांना जी नमुन्यांची पिशवी देतात, तिची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. मागच्या पायाचे खालचे हाड, कातडीसकट केसांचा तुकडा, लेंड्या, पाठीवरच्या चरबीची जाडी आणि गाळणकागदाच्या पट्ट्यांवर टिपलेले रक्त. हाडाच्या मज्जेवरून जनावराची अंगलोट कळते, केसांवरून तांबे-सेलेनियमची कमतरता आणि ताणाचे संप्रेरक, रक्तावरून ब्रुसेलासारख्या रोगांची प्रतिपिंडे. रक्त नळीत न घेता कागदावर घेतात, कारण उणे ३० अंशांत नळी गोठून फुटते, आणि कागद वाळला की शीतपेटीशिवाय, साध्या पाकिटातून विमानाने जातो. नमुना टिकवायला अल्कोहोल वापरावे तर ते ज्वालाग्राही, विमानात न्यायला कटकट. पण कागदही फसतो. ओला असतानाच प्लास्टिकमध्ये घातला की बुरशी धरतो. बाहेरच ठेवला तर वाळण्याऐवजी गोठतो. तंबूत, चुलीपासून जरा दूर, पट्ट्या एकमेकींना न चिकटता टांगून वाळवायच्या. शिकाऱ्याला हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवले की जमते. छापील पत्रकावरून क्वचितच जमते.

या पद्धतीवरचा खरा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. शिकारी लठ्ठ, धडधाकट जनावर निवडतो, त्यामुळे नमुन्यात रोगी जनावरे कमी येतात. यावरून ‘कळपात इतके टक्के रोग’ असे म्हणता येत नाही. तरी निवड दरवर्षी एकाच प्रकारे होत असेल, तर वर्षागणिक होणारा बदल खरा मानता येतो; मेलेल्या जनावरांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या की दुसरी बाजूही दिसते. अट एकच, की मधली वर्षे गाळता कामा नयेत. तीन वर्षांचे अनुदान, दोन वर्षांची पोकळी, पुन्हा तीन वर्षे नवा संशोधक आणि नवी पद्धत, असे झाले की आधीचे आकडे नंतरच्यांशी जुळत नाहीत आणि सगळ्याच कष्टांवर पाणी पडते.

कॅनडाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. एप्रिल-मे हा उत्तरेत बाहेर पडण्याचा उत्तम काळ, उजेड भरपूर आणि बर्फ अजून घट्ट. मंजुरीचे पत्र त्यानंतर आले तर हंगाम गेलेला असतो. म्हणून गावपातळीच्या निरीक्षणाला निदान दहा वर्षांची हमी द्यावी आणि गावातल्या निरीक्षकाला शिक्षक किंवा परिचारिकेसारखे कायम पद द्यावे, ही मागणी मला अगदी व्यवहार्य वाटते. एका मोहिमी जहाजाच्या खर्चापुढे ती रक्कम फार लहान आहे.

संख्येच्या प्रश्नावर अलास्काचे उदाहरण निर्णायक आहे. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बोहेड व्हेलची शिकार थांबवली, कारण शास्त्रज्ञांच्या मते ते दोनेक हजारांच्या आतच उरले होते. बॅरोचे, म्हणजे आजच्या उत्कियाग्विकचे शिकारी म्हणत होते की व्हेल बर्फाखालून, किनाऱ्यापासून दूर जातात, तुम्ही मोजता ते फक्त मोकळ्या पाण्यातले. त्यांच्या नॉर्थ स्लोप बरो या स्थानिक शासनाने स्वतःचा वन्यजीव विभाग उभारला आणि पाण्यात ध्वनिग्राहक सोडून मोजणी केली. शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. २००१ चा अंदाज दहा हजारांवर गेला, २०११ चा १६ हजारांवर. शिकाऱ्यांचा शब्द गृहीतक म्हणून घेतला आणि काटेकोरपणे तपासला, म्हणून हे घडले. मला अभिप्रेत असलेले संशोधन असे आहे. गावाची भावना सांभाळण्यासाठी विज्ञान सैल करा असे कोणीही म्हणत नाही.

कॅनडाच्या वायव्येकडच्या अक्लाविक गावाच्या सुमारे ६०० माणसांनी डॉक्टरांना विचारले होते की आमच्याकडे पोटाचा कर्करोग इतका का. अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २००७ पासून तिथे काम केले. युरिया घेण्याआधी आणि नंतर श्वासाचे नमुने घेऊन हेलिकोबॅक्टर पायलोरी हा या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा जिवाणू शोधला; तपासलेल्यांत ५८ टक्के लोकांमध्ये तो आढळला. २००८ च्या फेब्रुवारीत एंडोस्कोपीची साधने गावाच्या आरोग्य केंद्रातच आणली. नेहमीचे तीन औषधांचे मिश्रण अनेकांवर फसते हेही कळले. इतक्या लहान गावात गोपनीयता अवघड असते, ‘पन्नाशीच्या दोन स्त्रिया’ एवढे छापले तरी सगळ्यांना नावे कळतात. त्यामुळे पाचांपेक्षा लहान आकडे छापायचे नाहीत आणि मूळ माहिती कोणाच्या ताब्यात राहील हे आधी लिहून घ्यायचे. इनुइट तापिरीत कनातामी या राष्ट्रीय संघटनेने २०१८ च्या संशोधन धोरणात माहितीची मालकी आणि निधीवरचे नियंत्रण मागितले, ते यासाठीच.

भारताचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. स्टॉकहोम करार आपण २००६ मध्ये स्वीकारला, पण रोगवाहक डासांसाठी डीडीटीची मुभा ठेवून; आणि ते डीडीटी रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात वर्षानुवर्षे बनवले गेले. हवेत सोडल्या जाणाऱ्या पाऱ्यात आशियाचा वाटा जगात सर्वांत मोठा. २००८ मध्ये आपण स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंदला हिमाद्री हे केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राकडे आहे. २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत आपण निरीक्षक आहोत, २०२२ मध्ये आपले आर्क्टिक धोरणही आले. पण नी-ओलेसुंद हे संशोधकांचे गाव आहे, तिथे शिकार करून जगणारे कोणी मूलनिवासी नाहीत. हिमनद्या, फ्योर्ड आणि वातावरण यांवरचे आपले काम मोलाचे आहे, त्याला मान्सूनशी जोडण्याचा हेतूही योग्य. तरी ज्या माणसांच्या ताटात आपल्याकडची रसायने जाऊन पडत असतील, त्यांच्याशी आपल्या ध्रुवीय विज्ञानाची अजून गाठ पडलेली नाही.

ती गाठ घालण्यासाठी नवे केंद्र उभारायची गरज नाही. वास्कोतून निघणाऱ्या ध्रुवीय प्रकल्पांच्या निधीतला ठरावीक हिस्सा पारा आणि चरबीत साठणाऱ्या रसायनांच्या मोजणीसाठी राखून ठेवावा. भारतीय प्रयोगशाळांनी कूजुआकसारख्या केंद्रांबरोबर तेच नमुने दोन्हीकडे मोजून आपले आकडे जुळवून घ्यावेत. प्रश्न कोणता आणि निकाल आधी कोणाला, हे त्या गावाच्या शिकारी संघटनेने ठरवावे. आपण यंत्रे, रसायनतज्ज्ञ आणि उगमाकडची माहिती द्यावी. आपल्या किनाऱ्यावरून, कारखान्यांतून आणि औष्णिक वीज केंद्रांतून हवेत किती पारा आणि काय काय जाते, याचे खरे आकडे त्या गावांना हवेच आहेत, आणि ते देणे फक्त आपल्याच हातात आहे.